सुटकेचे आसन

गेल्या महिन्यात मेडशीस आमच्या शेजारच्या वाड्यात एक लहानसा कागद देवघराच्या कोनाड्यात आठ दिवस पडून होता आणि त्या कागदाने घरातील लहानथोरांची झोप उडविली होती. त्या घरातील थोरली नात अकोल्यास शिकते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा ती उत्तीर्ण झाली आणि विमानदलाच्या निवड मंडळापुढे हजर होण्याचे तिला बोलावणे आले. चाचण्यांमध्ये काही इजा झाल्यास भरपाई मागणार नाही, अशा आशयाच्या कागदावर पालकाची सही हवी होती. सही करावयाची ती वडिलांनी. परंतु एकत्र कुटुंबात एकाची सही म्हणजे साऱ्या घराची सही असते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

थोरल्या काकांचे मत असे की, एवढ्या हुशार मुलीने घरात बसून करता येईल असा एखादा बौद्धिक उद्योग पाहावा. आत्याबाईंना तिच्या लग्नाची काळजी. आईने काहीच न बोलता चार दिवस जेवण कमी केले. आजींनी मात्र होय किंवा नाही असे काही न म्हणता एकच प्रश्न विचारला. "विमान पडू लागलं म्हणजे खुर्चीसकट माणूस बाहेर फेकला जातो म्हणे. ती खुर्ची खरोखर वाचवते का? अभिमन्यूला आत शिरायचं ठाऊक होतं, बाहेर पडायचं कोणी शिकवलं नव्हतं. या पोरीला दोन्ही शिकवणार आहेत का, एवढं मला कोणीतरी सांगा."

त्या वाड्यातील वाद बहुधा शेवटी आमच्या ओसरीवर येतो, तसा हाही आला. आम्ही आजींकडून थोडी मुदत मागून घेतली. त्या मुदतीत जे वाचले, ताडून पाहिले आणि त्यांस सांगितले, तेच येथे मांडीत आहोत. कारण अशाच एखाद्या कागदासमोर बसलेली घरे आमच्या वाचकांतही असतील.

प्रथम हे आसन निर्माण का झाले ते पाहू. विमाने हळू उडत होती तोवर संकटात सापडलेला वैमानिक कडेवर चढून उडी घेई आणि पाठीवरची छत्री उघडी. विमानांचा वेग वाढला तेव्हा हा मार्ग बंद झाला. समोरचा वारा माणसाला जागेवरच दाबून धरू लागला आणि कसाबसा जो बाहेर पडे त्याच्यावर विमानाचे शेपूट आदळण्याचे भय उरे. माणसाला जोराने वर फेकावयाचे तर बाहेरचे बळ हवे, हे उघड झाले. जर्मनीत १३ जानेवारी १९४२ रोजी हेल्मुट शेंक हा चाचणी-वैमानिक बर्फाने विमान अडकल्यामुळे दाबलेल्या हवेच्या आसनाने बाहेर पडला व वाचला. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला इंग्लंडात कॅप्टन व्हॅलेंटाइन बेकर हा आपल्याच कारखान्याच्या नव्या विमानाची चाचणी घेताना मरण पावला. त्याचा भागीदार जेम्स मार्टिन याच्या मनाला मित्राचा हा मृत्यू फार लागला, आणि पुढील सारे आयुष्य त्याने वैमानिकांची सुटका कशी व्हावी याच विचारात घालविले. २४ जुलै १९४६ रोजी त्याच्या कारखान्यातील बर्नार्ड लिंच हा कामगार उडत्या विमानातून अशा आसनासह स्वेच्छेने बाहेर फेकला गेला आणि सुखरूप उतरला. आज त्या कारखान्याच्या आसनांनी ७,७०० हून अधिक जीव वाचविल्याची नोंद तो कारखाना ठेवतो. वाचलेल्यांचे एक मंडळ १९५७ पासून आहे आणि त्याच्या सभासदास एक विशिष्ट गळपट्टी मिळते.

आता ही खुर्ची करते काय? वैमानिकाच्या दोन्ही मांड्यांमध्ये एक पिवळी-काळी मूठ असते. ती ओढताच वरचे काचेचे छत उडते अथवा फुटते, आसनाच्या पाठीमागील नळीत काडतुसे पेटतात आणि आसन रुळावरून वर सुटते. पाय बाहेर फाकून मोडू नयेत म्हणून ते पट्ट्यांनी आपोआप मागे खेचले जातात. मग तळाचा अग्निबाण पेटून आसनाला आणखी उंच नेतो, एक लहान छत्री त्याचे गरगरणे थांबविते, बंद सुटतात, आसन गळून पडते आणि मोठी छत्री उघडते. हे सारे घडावयास दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्या क्षणात माणसाच्या अंगावर त्याच्या वजनाच्या बारा ते वीस पट भार येतो. म्हणून सुटका झाली तरी पाठीच्या मणक्यास इजा होण्याचा संभव राहतोच. ही खुर्ची मरणाच्या बदल्यात दुखापत देते, आणि तो सौदा आनंदाने पत्करावा असाच आहे.

निवडीच्या वेळी उमेदवाराची उंचीच काय, पण बसल्यावरची उंची, पायाची लांबी आणि मांडीची लांबीही मोजतात, हे ऐकून आत्याबाईंना हसू आवरेना. आपल्या विमानदलात मांडी ६४ सेंटीमीटरांहून लांब असलेली चालत नाही. त्याचे कारण ऐकल्यावर मात्र त्या गप्प झाल्या. आसन वर सुटताना गुडघे समोरच्या फळीवर आपटून चुरा होऊ नये, म्हणून हे माप. वजनाचेही तसेच आहे. अमेरिकेच्या एफ-३५ या विमानात १३६ पौंडांहून, म्हणजे सुमारे ६२ किलोंहून, हलक्या वैमानिकांस २०१५ साली बसू देणे बंद केले होते. कारण फेकले जाताना हलक्या शरीराच्या मानेस शिरस्त्राणाच्या भाराने धोका होता. आसनात व शिरस्त्राणात सुधारणा झाल्यावर २०१७ साली ती बंदी उठली. मुली आता मोठ्या संख्येने या क्षेत्रात येत आहेत, तेव्हा खुर्ची कोणाच्या शरीराचे माप घेऊन बांधली आहे, हा प्रश्न घरातील बायकांनी निःसंकोच विचारावा.

शिकाऊ विमानाची गोष्ट आणखी नाजूक आहे. त्यात गुरू आणि शिष्य दोघे बसतात. पुष्कळ विमानांत शिष्य पुढे व गुरू मागे असतो, आणि एकाने मूठ ओढली असता दोघेही बाहेर पडतील अशी योजना करता येते. त्यातही मागचा क्षणभर आधी जातो, नाहीतर पुढच्याच्या अग्निबाणाची ज्वाळा त्याला भाजील. म्हणजे शिष्याच्या प्राणांचा निर्णय कित्येकदा गुरूच्या हाती असतो. आपल्याकडे गुरूवर विश्वास ठेवावयास सांगतात; येथे तो विश्वास सेकंदाच्या अंशाने मोजला जातो.

आमच्या देशात या बाबतीत काय झाले, हेही पाहणे अवश्य आहे. स्वतंत्र भारताचे पहिले स्वदेशी शिकाऊ विमान एचटी-२ हे १९५१ साली उडाले. त्याची आखणी करणारे डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लजकडचे. जर्मनीत गटिंगेन येथे प्रांट्ल यांच्या हाताखाली ते शिकले होते. त्या संथ विमानात सुटकेचे आसन नव्हते. त्यांच्याच नेतृत्वाखाली आखलेले 'किरण' हे जेट विमान ४ सप्टेंबर १९६४ रोजी प्रथम उडाले. त्यात मात्र गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी, सुटकेच्या आसनांवर बसत. पुढे प्राथमिक शिक्षणासाठी आलेल्या एचपीटी-३२ 'दीपक' विमानात पुन्हा ते आसन नव्हते. इंजिन बंद पडल्यास त्या विमानातून वाचणे कठीण होई. कित्येक वैमानिक दगावल्यावर आणि जुलै २००९ मधील अपघातात दोघांचा बळी गेल्यावर ती विमाने कायमची जमिनीवर बसविण्यात आली. त्यानंतर स्वित्झर्लंडहून पिलाटस पीसी-७ ही ७५ विमाने घेण्यात आली आणि मे २०१३ मध्ये ती हैदराबादजवळील दुंडिगलच्या वायुदल प्रबोधिनीत दाखल झाली. त्यांच्या आसनास 'शून्य-साठ' म्हणतात. उंची शून्य असली तरी चालेल, पण सुटकेसाठी विमानाचा वेग निदान ६० नॉट, म्हणजे ताशी १११ किलोमीटरांच्या आसपास हवा. नव्या स्वदेशी एचटीटी-४० विमानाचे आसन 'शून्य-शून्य' आहे. विमान जमिनीवर निश्चल उभे असले तरी ते माणसाला पुरेसे उंच नेऊन छत्री उघडते. अशा ७० विमानांचा करार २०२३ साली झाला, आणि त्यांच्या बांधणीची दुसरी शाखा १७ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या नाशिकला सुरू झाली. म्हणजे मेडशीच्या नातीला सुटकेची खुर्ची बहुधा महाराष्ट्रातच बांधलेल्या विमानात भेटेल.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. खुर्ची वाचवते का? २०२३ या एकाच वर्षाने दोन उत्तरे दिली. १ जून रोजी कर्नाटकातील चामराजनगर जिल्ह्यात एक किरण विमान कोसळले. त्यातील दोघेही वैमानिक, ज्यांत एक तरुणी होती, आसनासह बाहेर पडून वाचले. घाटग्यांनी आखलेल्या विमानाने जवळजवळ साठ वर्षांनी दोन घरांचे दिवे विझू दिले नाहीत. ४ डिसेंबर रोजी तेलंगणातील तूप्रानजवळ दुंडिगलचे पीसी-७ विमान कोसळले, आणि त्यातील गुरू व शिष्य दोघेही गेले. सुटकेचे आसन असणे आणि सुटका होणे यांत अंतर आहे. ते अंतर दोन गोष्टींनी भरून काढावे लागते.

पहिली गोष्ट म्हणजे खुर्ची सज्ज ठेवणारे हात. ८ नोव्हेंबर २०११ रोजी इंग्लंडात स्कॅम्प्टन येथे शॉन कनिंगहॅम हा निष्णात वैमानिक उड्डाणापूर्वीची तपासणी करीत हॉक जातीच्या शिकाऊ विमानात बसला होता. विमान जमिनीवर होते. एकाएकी आसन सुटले, तो आकाशात फेकला गेला, आणि मोठी छत्री उघडलीच नाही. चौकशीत दोन बारीक गोष्टी निघाल्या. मूठ अगोदरच आपल्या जागेवरून सरकली होती, तरीही सुरक्षेची खीळ आत जात होती आणि पाहणाऱ्यास सर्व ठीक आहे असे वाटत होते. दुसरे, छत्री सोडणाऱ्या कडीचा एक नट गरजेपेक्षा घट्ट आवळला होता, त्यामुळे कडी सुटलीच नाही. इतक्या घट्ट आवळण्याचा धोका बनविणाऱ्या कारखान्यास कित्येक वर्षांपूर्वी कळला होता; काही ग्राहकांना त्याने तो कळविलाही होता, पण ब्रिटिश विमानदलास कळविला नव्हता. कारखान्याने न्यायालयात दोष कबूल केला आणि २०१८ साली त्याला ११ लाख पौंड दंड झाला.

हे ऐकताना आजी म्हणाल्या, "लोणच्याच्या बरणीचं झाकण. नवी सून काळजीपोटी इतकं आवळते की वेळेला उघडतच नाही." आम्हांस याहून चांगला दृष्टांत सुचला नसता. त्या माणसाने नट निष्काळजीपणे सोडला नव्हता, त्याने तो काळजीने आवळला होता. काळजीला ज्ञानाची जोड नसेल तर तीही घात करते, आणि ज्याला ज्ञान आहे त्याने ते दुसऱ्यास न सांगणे हा तर अपराधच होय.

हा धोका अद्याप संपलेला नाही. काडतुसांत दोष असावा या शंकेने जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या विमानदलाने पावणेतीनशेच्या आसपास शिकाऊ विमाने तपासणीसाठी थांबविली. मे २०२४ मध्ये टेक्सासमधील तळावर जमिनीवरच्या एका शिकाऊ विमानातील आसन अवचित सुटून एक शिक्षक मरण पावला. ज्या खुर्चीखाली दारू भरली आहे ती खुर्ची देवघरातील समईसारखी रोज पाहावी लागते. वैमानिकाचे छायाचित्र वर्तमानपत्रांत येते. काडतुसांची मुदत मोजणारा, खीळ घालणारा व काढणारा, नट ठरल्या मापाने आवळून वहीत नोंद करणारा तंत्रज्ञ कोणास दिसत नाही. त्याचा मान व त्याची विश्रांती यांवर आपल्या मुलांचे प्राण अवलंबून आहेत, हे घरांनी ओळखावे.

दुसरी गोष्ट म्हणजे मूठ वेळेवर ओढणारे मन. आसने सुधारली, पण त्यांचा उपयोग उशिरा केल्यामुळे होणारे मृत्यू थांबले नाहीत. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात २७ जून २०१८ व ४ जून २०२४ अशा दोन प्रसंगी सुखोई विमाने शेतात कोसळली; दोन्ही वेळी दोघेही वैमानिक बाहेर पडून वाचले, कारण त्यांनी वेळेत विमान सोडले. विमान जमिनीकडे वेगाने खाली येत असता एका सेकंदाची दिरंगाई म्हणजे छत्री उघडण्यापूर्वी जमीन. मग माणूस थांबतो का? कोणाला वाटते, अजून सावरेल. कोणाला खालचे गाव टाळावयाचे असते, आणि ती दिरंगाई तर वंदनीयच. परंतु कित्येकांस मनाच्या तळाशी भय वाटते ते निराळेच: एवढे महाग विमान मी गमावले, चौकशीत काय म्हणतील, सोबती काय म्हणतील, घरी काय म्हणतील? म्हणूनच शिक्षणात असे ठसवितात की, अमुक उंचीखाली विमान ताब्यात नसेल तर विचार करीत बसू नये. निर्णय जमिनीवरच घेऊन ठेवलेला असावा, हवेत तो केवळ अमलात आणावा.

या ठिकाणी आम्हांस गाडगीळ कुटुंबाचे स्मरण होते. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हा मराठी तरुण १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानात सुरतगढ येथे मिग-२१ विमानाच्या उड्डाणानंतर काही क्षणांतच गेला. दोष वैमानिकावर ठेवण्यात आला. त्याची आई कविता गाडगीळ व वडील यांनी आपले दुःख घरात कोंडून न ठेवता उघड प्रश्न विचारले: तरुणांना शिकाऊ विमानावरून एकदम अतिवेगवान विमानावर का बसविता? मधल्या पायरीचे विमान हवे, ही शिफारस विमानदलाच्याच एका समितीने १९८० च्या दशकात केली होती. प्रत्यक्षात हॉक विमानांचा करार २००४ साली झाला आणि ती २००८ मध्ये आपल्या सीमेवरील बिदरला दाखल झाली. मृतावर दोष ठेवणे सोपे असते, कारण तो उत्तर देत नाही. त्याच्या वतीने उत्तर मागणारी आई ही देशाच्या विरुद्ध नसते. पुढच्या आयांच्या लेकरांसाठी ती उभी असते.

एवढे सांगून आम्ही थांबलो. माजघरात कोणी बोलेना. मग आजी थोरल्या काकांकडे वळून म्हणाल्या, "बारावीला नापास झालास तेव्हा तीन रात्री अकोल्याच्या बसस्थानकावर काढल्या होत्यास. आठवतं? घरी यायचं धैर्य झालं नव्हतं तुला. तुझ्या वडिलांनी आयुष्यात तुझ्यावर हात उगारला नव्हता, तरीही."

काकांनी मान खाली घातली. साठी उलटलेल्या त्या गृहस्थाच्या डोळ्यांत पाणी आलेले आम्ही प्रथमच पाहिले. "मारतील याची भीती नव्हती, आई," ते म्हणाले. "आपल्या घरात कोणी नापास झालेलं नाही, हे वाक्य लहानपणापासून ऐकलं होतं. त्याची भीती होती."

आम्ही जे लांबलचक सांगितले त्याचे सार या दोन वाक्यांत आले. आपल्या शिकलेल्या घरांत मुलांना आत शिरण्याचे सर्व धडे मिळतात: परीक्षेत, स्पर्धेत, नोकरीत, परदेशी. बाहेर कसे पडावे, हाती घेतलेले काम हातातून निसटत असता वेळेवर ते सोडून जिवंत परत कसे यावे, हे कोणी शिकवीत नाही. उलट तसे परत येणे म्हणजे घराण्यास बट्टा, असेच न बोलता शिकविले जाते. विमानदल मूठ ओढावयास शिकवील. पण ती ओढताना हात थबकू नये, ही तयारी वयाच्या अठराव्या वर्षी तळावर होत नाही. ती घरी, पहिल्या नापास पुस्तिकेपाशी, पहिल्या हरलेल्या सामन्यापाशी होते. तेथे आई-वडील काय बोलले, आजी-आजोबांनी कोणत्या नजरेने पाहिले, हे मूल विसरत नाही.

त्या संध्याकाळी आजींनी नातीला जवळ बसविले. "हे बघ," त्या म्हणाल्या, "विमान सरकारचं आहे. सरकार दुसरं बांधील. तू मात्र आमची आहेस. सुटायची वेळ आली तर या घराला काय वाटेल म्हणून क्षणभरही थांबायचं नाही. नापास झालीस तर इथे ये. खुर्चीवरून उडून आलीस तरी इथेच ये. वरण-भात तयार असेल." नात हसून म्हणाली, "आजी, अजून निवडसुद्धा झालेली नाही." "म्हणून तर आज सांगते," आजी म्हणाल्या. "निर्णय जमिनीवर घेऊन ठेवावा, असं आत्ताच नाही का सांगितलं यांनी?"

वडिलांनी कोनाड्यातील कागद उतरविला व दिव्याखाली बसून सही केली. आईने त्या दिवशी पोटभर जेवण केले, असे आत्याबाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितले. निवडीचा निकाल हे लिहीत असता हाती आलेला नाही. तो अनुकूल येवो अथवा प्रतिकूल, ती मुलगी अकोल्याहून थेट घरी येईल, एवढी मात्र आम्हांस खात्री आहे.